खुर्चीत जेवणारं पिल्लू

"आल्या, आल्या!" सुताराची बायको खिडकीतूनच ओरडली. "ते मोजे उचला आधी!"

सुताराने मोजे खिशात कोंबले. आज निवारा केंद्राच्या बाई घर तपासायला येणार होत्या. दोघांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांना घर पसंत पडलं तर पिल्लू कायमचं यांचं, नाहीतर संध्याकाळी परत केंद्रात. सकाळपासून दोघांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

पिल्लाचं दुखणं जन्माचं होतं. अन्ननलिका सैल. चार पायांवर उभं राहून खाल्लं की सगळं उलटून यायचं. त्याला माणसासारखं ताठ बसवून भरवायचं, आणि त्याआधी न चुकता औषध. घरातल्या कपाटाचं दार वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवणाऱ्या सुताराने पिल्लू आल्या दिवशीच त्याच्या मापाची खुर्ची ठोकली. हे बायको येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची.

दारात पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या.

"खुर्चीत बसून जेवणारं पिल्लू... ते इथेच ना? दवाखान्यात सगळे बोलत होते."

"इथेच, इथेच! कधीची वाट बघतोय तुमची!" बायकोने त्यांना जवळजवळ ओढूनच आत घेतलं.

"नाही, मी फक्त..."

"काही बोलू नका. आधी सगळं बघा."

तेवढ्यात पिल्लू आतून सुसाट आलं आणि बाईंच्या पायांवर लोळू लागलं. नुसती शेपटी नव्हे, अख्खं पिल्लू हलत होतं.

"केंद्रातली माणसं बरोबर ओळखतो हो लबाड!" सुतार कौतुकाने म्हणाला.

जेवणाची वेळ झालीच होती. बायकोने पिल्लाला खुर्चीत बसवलं आणि सिरिंजने औषध तोंडात सोडलं. पिल्लाने ते तिच्याच अंगावर थुंकलं. पुन्हा सोडलं, पुन्हा फवारा. सुताराला घाम फुटला. नेमका आजच गोंधळ घालायचा होता का याला?

"द्या इकडे," बाई म्हणाल्या. त्यांनी पिल्लाच्या कानामागे खाजवलं, हळूच काहीतरी गुणगुणलं आणि ओठाच्या कोपऱ्यातून औषध आत सोडलं. पिल्लाने ते मुकाट्याने गिळलं.

"गुणगुणलं की घेतो हा."

"याला म्हणतात अनुभव!" सुताराने बायकोकडे बघून मान डोलावली.

पिल्लू जेवत होतं तोवर बाई बघत राहिल्या.

"रात्री उलटी झाली तर?"

"आळीपाळीने उठतो," सुतार म्हणाला. "मी उठलो तरी ही जागीच असते, सूचना द्यायला."

"कंटाळा नाही येत?"

"कंटाळा?" बायको हसली. "अहो, हा आल्यापासून आम्ही एकमेकांशी बोलायला लागलोय! पण मला सांगा, असल्या आजारी जिवाला खोक्यात घालून तुमच्या फाटकाशी ठेवून कोण जातं? काळीज आहे की दगड?"

सुताराने तिला कोपराने ढोसलं. बाईंनी मान खाली घातली.

"एकट्या माणसाला कामावर जाऊन नसेल जमलं."

"नाही जमलं म्हणून टाकून द्यायचं?"

"नाही. चुकलंच ते."

मग सुताराने घसा खाकरला. "बाई, एकदाचं सांगून टाका. पिल्लू राहणार ना इथे?"

"याहून चांगलं घर याला शोधून सापडणार नाही."

बायकोने किंकाळीच फोडली. सुतार उशी छातीशी धरून खोलीभर नाचला, पिल्लू खुर्चीतूनच भुंकत सुटलं. बाईही हसल्या आणि हसता हसता रडल्या. पिल्लाच्या कपाळावर ओठ टेकवून त्या पाणीही न घेता निघून गेल्या.

"किती मायाळू बाई! आणि आपण उगाच घाबरत होतो," बायको म्हणाली.

दोघं घरच्यांना फोन करायला बसतात न बसतात तोच पुन्हा बेल वाजली. सुताराने हसतच दार उघडलं. बाहेर हेल्मेट हातात घेतलेली एक मुलगी धापा टाकत उभी होती. तिच्या गळ्यात ओळखपत्र होतं.

"माफ करा हं, वाटेत गाडी बंद पडली," ती म्हणाली. "मी निवारा केंद्रातून आलेय, घर तपासायला."