समोरच्या दारी

लेकीचं बाळंतपण उरकून कुमुदताई घरी आल्या, तर मधे वीज गेल्यानं फ्रिजमधल्या दह्याला बुरशी आलेली. त्यांनी भांडं घासून पालथं घातलं. दही काय, दुकानात कुठलंही मिळतं. पण हे विरजण त्यांच्या आईच्या घरचं होतं. आई गेली, तरी त्यातलं चमचाभर रोज उद्यासाठी मागे राहत आलं होतं.

दुपारी पडदे ओढून त्या नुसत्याच बसून राहिल्या. समोरच्या घरातली अमृता ताकाचा पेला घेऊन आली. "ऊन फार आहे काकू, घ्या."

पहिल्याच घोटाला त्यांचे डोळे मिटले. अंगणातली कडुनिंबाची सावली, रवीची घुसळण, ओल्या तळव्यावर पुढे आलेला लोण्याचा गोळा. "आणखी घे गं," कुणीतरी म्हणत होतं.

"दही कुठून आणतेस?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"तुमचंच की. मी इथं राहायला आले, तेव्हा विरजण दिलं होतंत. तेच लावते रोज."

"थांब, मी येते तुझ्याबरोबर." कुमुदताईंनी केस सारखे केले, चांगली साडी नेसली आणि रिकामी वाटी पदराखाली धरून, माहेरी निघाल्यासारख्या त्या समोरच्या दारी निघाल्या.