सहावं पिल्लू

कोयोटच्या, म्हणजे लांडग्याच्या जातीतल्या छोट्या जनावराच्या मादीनं कळपातली सात कोकरं उचलून नेली, तेव्हा अमेरिकेतल्या वायोमिंगच्या माळावरचं तिचं बीळ शोधून मेंढपाळ व्हर्लिन भर दुपारी तिथं आला. काटेरी तार आत सारायची, पिळायची, पिल्लाची लव काट्यांत गुंतली की खसकन बाहेर ओढायचं आणि डोक्यात फावडं घालायचं. अशी पाच झाली.

"पुरे की आता," मागे उभी असलेली त्याची बायको नेडीन म्हणाली. "एवढेसे जीव आहेत रे."

"तुला कुणी विचारलं? तीस वर्षं नुसती कटकट!"

त्यानं तार पुन्हा आत सारली. ती कशात तरी गुंतली. त्यानं पीळ दिला.

"आई गं!" नेडीननं डोकं धरलं. "माझे केस कोण ओढतंय?"

तिच्या मागे कुणीच नव्हतं. व्हर्लिननं तार सैल सोडली. तिचे हात खाली आले.

मग तिच्याकडे बघत त्यानं सावकाश अर्धा पीळ दिला. ती किंचाळून गुडघ्यांवर कोसळली. बिळातून मात्र हूं की चूं नाही.

"व्हर्लिन, सोड ती तार! हात जोडते तुला!"

 मग त्यानं फावडं जवळ ओढून घेतलं, तार दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि पाय रोवले.