भाकरीचा हात

मनुबाईच्या उजव्या करंगळीवर ज्वारीच्या दाण्याएवढा फोड होता. फोड ताजा होता, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. ती आली होती तान्ह्या लेकीचा खोकला दाखवायला.

“हे कधी भाजलं?” डॉक्टर द्वारकाबाईंनी विचारलं.

मनुबाई बोटाकडं बघून हसली. “सकाळच्या भाकरीनं आसंल. मला चटका कळतच न्हाई, डॉक्टरीणबाई. गल्लीत असा हात कुणाचा न्हाई. लगीन होऊन आले त्या दिसापास्नं चूल माझ्याकडंच हाय. सासूबाईंनी पुन्हा पिठाला हात लावला न्हाई.”

सासू हरणाबाई इस्लामपुरातल्या त्या दवाखान्याच्या उंबऱ्याबाहेरच उभी होती. चैत्राच्या उन्हात तिनं पदर डाव्या कोपरावर घट्ट लपेटला होता. नात रांगत तिच्याकडं गेली, तशी तिनं पाय मागं घेतले.

“आमची आय लय सोवळी,” मनुबाईचा नवरा जोतीराम म्हणाला. लढाईवरून येऊन त्याला दोन वर्षं झाली होती, अंगात खाकी सदरा अजून होता. “नातीला मांडीवर घेतली न्हाई कवा. दगाड हाय नुसता.”

द्वारकाबाईंनी खोकल्याची बाटली बाजूला ठेवली. मनुबाईला डोळे मिटायला सांगितलं. कापूस करंगळीवरून मनगटापर्यंत फिरवला. मग टाचणी टोचली.

“कळलं की सांग.”

मनुबाई वाट बघत राहिली.

तिच्या कोपरामागची शीर हाताला दोरीसारखी जाड लागत होती. द्वारकाबाईंनी शक्य तितक्या हळू आवाजात महारोगाचं नाव सांगितलं.

“रगतपिती?” जोतीराम ताडकन उठला. “म्हायारातनं आणलीया हिनं! आजच विट्याला नेऊन सोडतो. पोर मातर हितंच ऱ्हाईल.”

“कुणाला सोडायचं नाही,” द्वारकाबाई म्हणाल्या. “यावर कडू कवठीच्या तेलाची इंजेक्शनं आहेत, दर आठवड्याला यायचं. हा रोग एका दिवसात लागत नाही. आजारी माणसाच्या सहवासात वर्षं जावी लागतात. तुमच्या घरात कुणाला सुन्न चट्टा आहे?”

“आमच्यात? इचारा की गावात! घर धुतल्या तांदळासारखं हाय आमचं.”

मनुबाईनं अजून डोळे उघडले नव्हते. “बाई,” तिनं विचारलं, “पोरीला पाजू का नगं?”

उत्तर यायच्या आत जोतीरामनं पोरीला उचललं. पोर रडायला लागली. मनुबाईचे हात तसेच पुढं राहिले.

तेव्हा हरणाबाई उंबरा ओलांडून आत आली. बाकावर बसली. डाव्या कोपरावरचा पदर तिनं सावकाश उलगडला. खाली तांबूस, कोरडा, तळहाताएवढा चट्टा होता.

“पोर तिच्याकडं दे, जोती,” ती म्हणाली. “बारा वर्सं झाकून ठेवलं मी. मनू कुटं जायाची न्हाई. मी जाते.”