शनिवार कोरा

शिवप्रियानं कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड अलगद ओढून काढलं, तसा त्याच्या पंख्यातून धुळीचा बोळाच बाहेर पडला. उमाशंकरनं हे कार्ड लग्नाआधी घेतलेलं, त्याला नऊ वर्षं झाली. मागच्या रविवारी घाटात ट्रक चालवायचा त्याचा आवडता गेम ऐन वळणावर बंद पडला. पडदा काळा झाला. "जाऊ दे, म्हातारं झालंय," म्हणत तो उठून गेला. नवऱ्याचा तो उतरलेला चेहरा आठवडाभर तिच्या डोळ्यांपुढून हलला नाही. ती शाळेत संगणक शिकवायची, एवढं तिला जमण्यासारखं होतं. आज शनिवार, तो कारखान्यातून यायच्या आत सगळं दुरुस्त करून ठेवायचं, असं तिनं ठरवलं होतं.

तिनं पंखा ब्रशनं झाडला. कार्डाची उष्णता ओढून घेणारी वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली आणि कार्ड परत बसवलं. कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमशी, नव्या ड्रायव्हरशी, जुन्या कार्डाचं पटत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून तो काढून जुना बसवला. गेम सुरू केला. दहा मिनिटं ट्रक छान धावला आणि पुन्हा सगळं काळं.

मग तिनं बिघाडांची यादी उघडली. कुठला प्रोग्रॅम कधी नि कशामुळं बंद पडला, याची नोंद कॉम्प्युटर स्वतःच ठेवतो. आत्ताची एक आणि रविवारची एक, अशा दोन लाल फुल्या दिसतील असं तिला वाटलं होतं. यादी संपेचना.

शुक्रवार, बारा वाजून दहा. गुरुवार, अकरा चाळीस. गुरुवारीच पुन्हा, अडीच. बुधवार. मंगळवार. सोमवार.

पण त्या वेळी तर घराला कुलूप असतं. ती शाळेत असते, तो पाइपाच्या कारखान्यात. आतल्या घड्याळाचा सेल गेला असणार, जुन्या मशीनचं होतं तसं. तिनं मोबाइल पडद्याशेजारी धरला. एका मिनिटाचाही फरक नव्हता.

कुलपाच्या किल्ल्या दोनच. एक तिच्या पर्समध्ये होती.

ती यादी मागं मागं नेत राहिली. तीन आठवडे, सोमवार ते शुक्रवार, फुल्याच फुल्या. त्याआधी दुपारची एकही नाही. आणि आत्ताची फुली सोडली तर शनिवार तेवढे कोरे. शनिवारी तिची शाळा सकाळची असते, बाराच्या आत ती घरी येते. ती मटकन खुर्चीत बसली.

कालच जेवताना त्यानं सांगितलं होतं. कारखान्यातले नवे साहेब गेटवरच्या सिद्धेश्वरला हिंदीत झाडत होते आणि सिद्धेश्वर कानडीत 'हौद्री, हौद्री', म्हणजे 'होय जी, होय जी', करत मान डोलवत होता. ठसका लागेपर्यंत ती हसली होती. ते साहेब, ते झाडणं, सगळं त्यानं इथं, याच खुर्चीत बसून रचलं होतं?

सहाला दार वाजलं.

"लई दमलो आज," उमाशंकर बूट काढत म्हणाला. "सिद्धेश्वरनं आज काय केलं माहितीय का?"

शिवप्रियानं पडदा त्याच्याकडं वळवला.

तो जवळ आला. वरून खालपर्यंत वाचत गेला. एक बूट हातात तसाच राहिला.

"कामावरून कधी काढलं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"तीन आठवडे झाले. सहा जणांना काढलं." त्याचा आवाज ओळखू येईना. "रोज सांगायचं ठरवून बसायचो. तू हसायला लागलीस की जीभच रेटायची न्हाय."

दुपारभर तिनं कितीतरी प्रश्न जुळवून ठेवले होते. त्यातला एकही आठवेना. समोर तो उभा होता, इस्त्रीचा शर्ट घामानं आणि धुळीनं मळलेला.

"आणि आज? मी तर दुपारपासून घरीच होते. कुठं होता दिवसभर?"

"येडशीच्या रेल्वे स्टेशनात," तो म्हणाला. "तिथं बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत न्हाय."