मशीन मोकळं झालंय

यामिनीने चपला काढल्या, पण उंबरा ओलांडला नाही. आत कोपऱ्यात पिठावर दिवा ठेवून वर टोपली पालथी घातली होती. दिव्यापासून लांब, खिडकीखाली ऑक्सिजनचं मशीन उभं होतं. गुडघ्याएवढं, पांढरं, खाली चाकं. नळी गुंडाळून वर ठेवलेली.

"ट्रस्टकडून आल्या का?" आतून एका बाईने विचारलं. पस्तिशीची असावी. कपाळ मोकळं होतं.

"हो. भिंगारहून. मी यामिनी."

"मी रुपाली. या आत. पुरुष माणसं सावडायला गेलीत."

सावडायला. म्हणजे आज तिसरा दिवस. ट्रस्टचा फोन परवा दुपारी आला होता.

तिच्या नवऱ्याच्या, केदारच्या, फुप्फुसाच्या कॅन्सरची किमो सरकारी योजनेत बसली होती. घरी लावायचं मशीन त्यात बसत नव्हतं, आणि दुकानातून भाड्याने आणणं त्याच्या अर्ध्या पगारात जमणारं नव्हतं. नगरचा एक ट्रस्ट अशी मशीनं फुकट वापरायला द्यायचा. तिथे त्याचा नंबर दुसरा होता. अकरा दिवस ती फोन हातात घेऊन फिरत होती. "मशीन मोकळं झालंय, बेलापूरला आहे," असं तिकडचा माणूस म्हणाला, तेव्हा ती चटकन बोलून गेली, "बरं झालं हो." कसं मोकळं झालं, हे तिने विचारलंच नव्हतं.

सासूबाईंनी मात्र विचारलं. मग त्या दोन दिवस अडून बसल्या. सुतकातली वस्तू आजाऱ्याच्या उशाशी नको, दहावा होऊ दे. आज सकाळी केदार आंघोळ करून निघाला, तो पलंगापर्यंत पोचलाच नाही. दाराची चौकट धरून खाली बसला. ओठ जांभळट. बोटाला लावलेल्या ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यावर आकडा ब्याऐंशी. सासूबाई उठून देवघरात निघून गेल्या, आणि यामिनीने शेजारच्या सुनीलला गाडी काढायला सांगितलं. तो आता पार रस्त्यावर उभा होता. "वहिनी, चाकं आहेत त्याला, तुम्हीच आणा ढकलत. माझ्याकडे उद्या सत्यनारायण आहे."

ती आत आली. भिंतीशी टेकलेल्या म्हाताऱ्या बाईने मान वर केली.

"कोन हाय गं?"

"मशीन न्यायला आल्यात, आक्का," रुपाली म्हणाली. मग यामिनीला म्हणाली, "ह्यांची मोठी बहीण, साळूबाई."

"आजच?" साळूबाईंचा आवाज बसलेला होता. "राख बी गार झाली न्हाई माज्या ग्यानूची. दहाव्याच्या आत घरातनं वस्तू भायेर जात न्हाई. तुमच्यात पाळत न्हाईत का हो बाई?"

"पाळतो," यामिनी म्हणाली. "मी नंतर येते."

बोलली आणि तिने जीभ चावली. अशा घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत. पण पाय दाराकडे वळलेच होते. या खोलीत आणखी एक मिनिट थांबलं तर आपल्यालाच श्वास घेता येणार नाही, असं तिला वाटत होतं. पायात चप्पल सरकवली, तेव्हा केदारचे ओठ डोळ्यांपुढे आले. तिला पुढेही जाता येईना, मागेही.

"थांबा," रुपाली म्हणाली. ती साळूबाईंसमोर जाऊन बसली. "आक्का, आमाला ह्ये मशीन कोपरगावच्या घरातनं मिळालं. त्यांनीबी दहावा केला आन् मग दिलं. तवर आठ दिस तुमच्या भावानं बसून काढले. आडवं पडलं की गुदमरायचे. पाठीला उशा लावायला कोन हुतं?"

साळूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"त्यांचा श्वास थांबला, तवा मी पयला फोन ट्रस्टला केला. तुमाला नंतर केला."

रुपाली उठली, मशीन ढकलत दाराजवळच्या प्लगपाशी घेऊन आली.

"ही बाटली. हिच्यात उकळून गार केलेलं पानी घालायचं, नळाचं न्हाई. मागची जाळी आठ दिसानं धुवायची. लाईट गेली की लई वरडतं ह्ये, घाबरायचं न्हाई. शिलिंडर भरून जवळ ठेवायचा. आन् घरात दिवा, उदबत्ती ह्याच्यापासनं लांब."

यामिनी मोबाईलमध्ये लिहून घेत होती. अक्षरं चुकत होती, ती पुसून पुन्हा लिहीत होती.

"चालू करून दावते. मागनं म्हनाल, बेलापूरकरनीनं बंद मशीन गळ्यात मारलं."

यामिनीला हसता आलं नाही. रुपालीलाही.

बटण दाबलं, तसं मशीन घरघरलं. मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन सुटतो ते दाखवणाऱ्या समोरच्या काचेच्या नळीत एक बारीक गोळी होती. ती तळातून उसळली आणि पाचाच्या रेघेला जाऊन थटली.

रुपाली त्या गोळीकडे बघतच राहिली. परवा नवरा गेला तेव्हापासून गोळी वर-खाली करणाऱ्या खालच्या खुंटीला कुणी हात लावला नव्हता.

"ह्याच्या पुढं ह्ये जात न्हाई," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "तुमच्या मालकांना कितीवर सांगितलंय?"

"दोन."

रुपालीने खुंटी हळूहळू फिरवली. गोळी खाली उतरली आणि दोनाच्या रेघेवर थरथरत राहिली.

यामिनीने वरच्या रेघा मोजल्या. तीन. चार. पाच. त्यानंतर काच कोरी होती.