सातांपैकी एक

"आजी, इथे उघडी ज्योत फेरबोटन असली तर? मनाई असली तर?" नातसून नंदिनीने आजूबाजूला बघत विचारलं.

"विचारलंस तर नाही म्हणतील. विचारू नकोस."

यमुनाआजींनी ताम्हनात निरांजन ठेवलं. पुण्याहून नातवाकडे जर्मनीत कोलोनला येताना त्यांनी दोन साड्या कमी घेतल्या, पण ताम्हन घेतलंच. नव्वदीला टेकल्यावर एवढ्या लांब यायचं कारण एकच. सैनिकांच्या या दफनभूमीतला त्यांच्या भावाचा दगड. श्रीनाथ, वय एकवीस. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या बाँबर विमानात शेपटाकडच्या बंदुकीवर बसायचा. विमान इथेच जवळ कुठेतरी पडलं. तेव्हापासून दर भाऊबीजेला आजी चंद्राला ओवाळत आल्या, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. खरं सांगायचं तर त्या चंद्राचा त्यांना मनापासून कंटाळा आला होता.

"फार खोडकर होता गं. मी ओवाळायला लागले की फू करून निरांजन विझवायचा. मी भोकाड पसरायचे."

"आणि तुमच्या आई?"

"एवढ्या घोड्याला धपाटा घालायची. मग पुन्हा वात लावून द्यायची."

नंदिनी हसली. आजींनी अक्षता चिमटीत घेतल्या आणि थांबल्या.

"हे सात दगड असे खेटून का लावलेत? बाकीचे तर सुटे सुटे आहेत."

हेच नंदिनीने वाचलं होतं आणि आजींना सांगितलं नव्हतं.

"म्हणजे... आजी, हे सगळे एकाच विमानातले. कोणता देह कुणाचा ते ओळखता आलं नाही. म्हणून सगळ्यांना एकत्रच पुरलं. दगडांवर नावं नुसती ओळीने घातलीत."

"म्हणजे याखाली तो नाही?"

"या सातांत आहे. नक्की कुठे, ते कुणालाच माहीत नाही."

अख्खा जन्म वाट पाहून भाऊ हाताशी आला आणि पुन्हा निसटला. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही. आपण हे आधीच सांगायला हवं होतं, असं नंदिनीला फार वाटलं.

"मग सगळ्यांनाच ओवाळते," आजी शेवटी म्हणाल्या. "भावाबरोबर त्याचे मित्र घरी आले, तर त्यांना काय तसंच बसवून ठेवतात?"

नंदिनीने लायटरने वात पेटवली. आजी कडेच्या दगडापासून निघाल्या. प्रत्येकाला अक्षता, प्रत्येकाला ओवाळणं, घाई नाही. तिसरा दगड श्रीनाथच्या नावाचा. तिथे त्यांचा हात पुन्हा पुन्हा फिरत राहिला. ज्योत शहाण्यासारखी तेवत होती. आजींनी तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि त्या पुढे सरकल्या.

सहावा दगड कॅनडाच्या कुणा विल्यमचा होता. आजींनी अक्षता टाकल्या, ताम्हन उचललं. झाडाचं पानही हलत नव्हतं. ज्योत एकदा वाकली आणि पटकन विझली.

नंदिनीने घाईघाईने लायटर पुढे केला. आजींनी तिचा हात धरला. त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा, रडवेला आणि रागावलेला झाला होता.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "सापडला."