राख धरेपर्यंत

आमच्या ह्यांनी कोळशाची नवी शेगडी आणली आणि ऑफिसातल्या सगळ्यांना गच्चीवर जेवायला बोलावलं. "निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत मटण ठेवायचं नाही. त्याला संयम लागतो, तुम्हा बायकांना ते जमायचं नाही," हे सकाळपासून मला ऐकवून झालं होतं. पण साहेब आले मात्र, ह्यांना कुठला धीर! जाळ भडकलेला असतानाच मटण जाळीवर पडलं. बाहेरून काळंठिक्कर, आतून लालभडक. "मांडून आणते," असं म्हणून मी ताट खाली नेलं, काजळी खरवडली आणि तुकडे कुकरमध्ये घालून शिट्ट्या काढल्या.

पहिल्याच घासाला साहेब बोटं चाटत म्हणाले, "काय लुसलुशीत झालंय हो!"

"आच ओळखता आली पाहिजे, साहेब. हे स्वयंपाकघरातल्या माणसाचं काम नाही," हे म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले.

मीही हसले, आणि जाळीवरच राहिलेले, कुकरचं तोंडही न पाहिलेले चार तुकडे अगदी प्रेमाने ह्यांच्या ताटात वाढले.